खानदेशातलं उन्हाळी शिबिर उन्हाच्या हिशोबानं कसं आखायचं

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात मे महिन्यात पारा 43-44 वर जाणं नेहमीचंच. एखाद्या वर्षी तो 45 च्याही पुढे सरकतो. पुण्या-मुंबईकडचं सकाळी नऊ ते बारा हे वेळापत्रक इथं उचलून आणलं, की पोरं भर उन्हात सायकल मारत घरी जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आया पाठवणं बंद करतात. त्यांचं बरोबरच असतं. म्हणून आधी मुलं घरी पोचायची वेळ ठरवा आणि तिथून मागे मोजत या. बाकी सगळं, म्हणजे विषय, जागा, खाऊ, फी, त्या वेळेच्या आत बसवायचं.

खालचा आराखडा एखादं कॉलनी मंडळ, वाचनालय किंवा बचतगट चालवू शकेल अशा शिबिराचा आहे: 40 मुलं, 10 दिवस, दोन वर्गखोल्या आणि एक मैदान.

तारखा

परीक्षा संपल्या की चार दिवस पोरांना मोकळं सोडा, मग सुरुवात करा. तारीख टाकण्याआधी पंचांगात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, कधी आहे ते बघा. ती कधी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येते, तर कधी मेच्या मध्याला. त्या दिवशी आणि आदल्या-दुसऱ्या दिवशी माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, घरात खापरावरचे मांडे चाललेले असतात. शिबिराला कुणी येणार नाही, आणि यावं असा आग्रहही धरू नये. एकतर आखाजीच्या आधी शिबिर संपवा, नाहीतर सरळ तीन दिवस सुट्टी टाकून शिबिराचे दोन भाग करा. ही सुट्टी पत्रकावर पहिल्यापासून छापलेली असावी. ऐनवेळी जाहीर केली, तर निम्मी मुलं गावाहून परतत नाहीत.

20 मेनंतर शक्यतो शिबिर ठेवू नका. ऊन कडक असतं, लग्नसराई जोरात असते, मुलं मामाच्या गावी गेलेली असतात. जून लागला की घरोघरी वह्या-पुस्तकांची आणि दप्तराची धावपळ सुरू होते.

दहा दिवस पुरतात. पंधरा किंवा एकवीस दिवसांचं शिबिर पत्रकावर भरगच्च दिसतं, पण नवव्या-दहाव्या दिवसापासून गळती लागते आणि शिकवणाऱ्यांचाही उत्साह ओसरतो.

वेळ

मेच्या मध्याला जळगावात सूर्य पावणेसहाच्या जरा नंतर उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. त्यावरून दिवस असा बसतो:

6.15 ते 7.30: मैदान. कबड्डी, लंगडी, खो-खो, लेझीम, योगासनं.
7.30 ते 8.00: हातपाय धुणं, पाणी, खाऊ.
8.00 ते 9.30: खोलीतलं काम. चित्रकला, माती, बुद्धिबळ, गोष्टी, प्रयोग.
9.30: सुट्टी. दहाच्या आत प्रत्येक मूल घरात.

सव्वासहाची वेळ ऐकून पालक कुरकुर करतात. त्यांना सांगा, इथं बरेच जण रात्री गच्चीवर झोपतात आणि उजाडलं की उठतातच. पोरंही उठतात, दोन दिवसांत सवय होते.

संध्याकाळचा वर्ग घ्यायचा असेल तर तो खोलीत घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंती रात्री आठपर्यंत झळा सोडत असतात. मैदानावर साडेपाचला पाणी शिंपडा आणि सहानंतर बसा. माती पाणी पिते आणि अर्ध्या तासात बसण्याजोगी होते. फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर पाणी मारून तसा उपयोग होत नाही, उलट घसरायची भीती. मोठ्यांचे वर्ग, भजन, गाणं, तबला, इंग्रजी संभाषण, मोबाइलवरचे व्यवहार शिकवणं, यांना साडेसहा ते आठ ही वेळ उत्तम.

जागा

शाळेला विचारताना मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती या दोघांच्या नावे लेखी अर्ज मार्चमध्येच द्या. सुट्टी लागली की मुख्याध्यापक गावी जातात आणि किल्ली शिपायाकडे असली तरी परवानगी त्याच्या हातात नसते. नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची शाळा असेल तर पालिकेच्या शिक्षण विभागाचं पत्रही लागतं. अर्जात तारखा, वेळ, मुलांची संख्या, वापरायच्या खोल्या, वीजबिल आणि सफाई कोण करणार हे स्पष्ट लिहा. याच दोन गोष्टींवरून नंतर तोंडं वाकडी होतात.

खोली निवडताना सकाळी जाऊ नका, दुपारी तीनला जा. तेव्हा जी खोली सहन होते ती घ्या. पत्र्याची शेड कितीही मोठी आणि फुकट असली तरी सोडा. पत्रा सकाळी आठलाच तापू लागतो आणि नऊला खाली बसवत नाही. दुमजली इमारतीतली तळमजल्याची, पूर्वेला खिडकी नसलेली खोली सगळ्यात थंड. अशी मिळाली नाही तर पूर्वेच्या खिडकीला बाहेरून गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लावून तो ओला ठेवा.

कुलर भाड्यानं आणत असाल तर एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणूनच कुलर चालतो. खोली बंद करून लावला की तासाभरात दमटपणा साचतो आणि मुलं चिकट घामानं वैतागतात. कुलर एका खिडकीत बाहेरच्या बाजूला पाठ करून, म्हणजे बाहेरची ताजी हवा ओढेल असा ठेवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. मोठ्या कुलरला दोन तासांना पंधरा-वीस लिटर पाणी लागतं, तेवढी बादली भरून ठेवा. पाणी ओतताना प्लग काढलेला असलाच पाहिजे. पत्र्याच्या जुन्या कुलरच्या अंगावर करंट उतरतो आणि पाय ओले असलेलं मूल त्याला हात लावतं, यातून दुर्घटना होतात. पहिल्या दिवसाआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि कुलरभोवती बाकांची आडकाठी करा.

वीज जाणार हे गृहीत धरून चाला. स्पीकर बॅटरीवरचा घ्या. प्रोजेक्टरवर अवलंबून राहील असा तास ठेवू नका.

पाणी आणि खाऊ

तीन तासांत एका मुलाला लिटरभर पाणी लागतं. 40 मुलांना 40 लिटर पिण्याचं आणि वीस-तीस लिटर हात धुवायला. पिण्यासाठी 20 लिटरचे तीन जार धरा आणि सोबत दोन माठ. नळाला रोज पाणी न येणाऱ्या भागात जार आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, कारण सकाळी सहाला जारवाला येत नाही. मुलं आपणहून पाणी पीत नाहीत, खेळात विसरतात. दर अर्ध्या तासाला शिट्टी वाजवून सगळ्यांना प्यायला लावा. हा नियम शिबिराच्या पहिल्या तासापासून पाळायचा.

खाऊला केळीसारखं दुसरं काही नाही, आणि ते पिकतं आपल्याच शिवारात. रोज साडेतीन डझन केळी म्हणजे 40 मुलांना पुरून दोन उरतात. आदल्या दिवशी किंचित हिरवट देठाची घ्या. पूर्ण पिकलेली आणली तर बंद खोलीत एका रात्रीत काळी पडतात. एक दिवसाआड गूळ-शेंगदाणे किंवा भिजवलेली मटकी. शेव, वेफर्स, वडापाव नको. खारट-तेलकट खाल्लं की मूल दुप्पट तहानतं.

पन्ह्याचं प्रमाण: एक किलो कैरी उकडून गर काढला की साधारण 600-650 ग्रॅम मिळतो. त्यात सव्वा किलो किसलेला गूळ, दोन चमचे मीठ, वेलची. हे मिश्रण एक वाटी आणि माठाचं पाणी चार वाट्या. यात 40 मुलांना लहान पेलाभर पुरतं. बाजारातला बर्फ अजिबात घालू नका, तो बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याचा नसतो. कापलेलं कलिंगडही आधी आणून ठेवू नका, जागेवर कापून लगेच वाटा.

नोंदणी

फॉर्म एक पानाचा पुरे. नाव, वय, दोन फोन नंबर, कोण न्यायला येणार, फोटो काढायला हरकत आहे का, आणि आजारपण. आजारपणाचा रकाना मोकळा ठेवला तर पालक रेघ मारून सोडून देतात. त्यापेक्षा नावं छापा आणि हो-नाही विचारा: दमा, फिट येणं, घोळणा फुटणं, ॲलर्जी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार). शेवटचं नाव नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात फार महत्त्वाचं. सिकलसेल असलेल्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं, की तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला शिबिरातून वगळायचं कारण नाही. त्याला मैदानावर अर्धाच वेळ ठेवा, सावलीत बसवा, पाण्याकडे जास्त लक्ष द्या आणि पालकांशी आधी बोलून घ्या.

गट दोन करा, 6 ते 9 आणि 10 ते 14. बारा-पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि कुठल्याही खोलीत एकटा मोठा माणूस नको. दोघं असावेत, त्यांतली एक बाई.

पैसे

फुकट शिबिराला नावं ऐंशी येतात आणि येतात तीस. थोडी फी ठेवलेली बरी. 300 रुपये प्रत्येकी धरले तर 12,000 होतात. त्यांची वाटणी अशी करता येईल: दोन शिकवणाऱ्यांना रोज अडीचशे मानधन म्हणजे 5,000. चित्रकला, माती, इतर साहित्य 2,500. पाणी-खाऊ 2,400. शाळेची सफाई आणि वीज 1,000. पत्रकं, झेरॉक्स 600. औषधपेटी 500. ज्यांना परवडत नाही अशा पाच मुलांच्या जागा मोफत ठेवा. ती दीड हजाराची तूट वस्तूंमधून भरून निघते. केळीचा व्यापारी दोन दिवसांची केळी देतो, जारवाला चार जार देतो. रोख मागितली की लोक मागे सरतात, वस्तू मागितली की देतात. कोण मोफत आहे हे शिकवणाऱ्यालाही कळता कामा नये.

प्रसिद्धीला फार खर्च नको. दूध केंद्रावर, किराणा दुकानात आणि शाळेच्या फाटकावर एकेक पत्रक, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटात तोच फोटो.

काय शिकवायचं

हस्ताक्षर, अबॅकस, वैदिक गणित हे वर्ग शहरात गल्लोगल्ली आहेत, तेच परत कशाला. घरी आणि शाळेत जे होत नाही ते घ्या. मातीकाम हे त्यातलं सगळ्यात चांगलं, पण खानदेशी उन्हात ते नीट सांभाळावं लागतं.

माती कुंभाराकडून मळलेली घ्या. मुलामागे अर्धा किलो, म्हणजे 20 किलो. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लॅस्टिक घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. वाटताना एकदम अर्धा किलो देऊ नका, मुठीएवढा गोळा द्या. कोरड्या हवेत पंधरा मिनिटांत गोळ्याचा वरचा थर कडक होतो आणि मूल त्यावर पाणी ओतत बसतं. बाहेरून चिखल, आत कोरडी, अशी माती नंतर पापुद्र्यांनी सुटते. प्रत्येक चौघांत एक ओला स्पंज ठेवा, बोट ओलं करायचं ते त्याच्यावर. वाटीभर पाणी द्यायचंच नाही. बैलाची शिंगं, पक्ष्याची चोच असे बारीक भाग आधी वाळतात आणि आक्रसून गळून पडतात. जोडताना दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढून मातीचा पातळ काला लावायचा. वस्तू तयार झाली की उन्हात ठेवायचा मोह होतो, तिथंच ती तडकते, कारण वरचा थर आतल्यापेक्षा आधी आक्रसतो. पहिले दोन दिवस ओल्या फडक्याखाली सावलीत, मग दोन दिवस उघड्यावर सावलीत, मगच ऊन. म्हणून मातीचा तास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या. आठव्या दिवशी घेतला तर समारोपाला मांडायला काहीच वाळलेलं नसतं.

रंगांचंही तसंच. पोस्टर रंग ताटलीत ओतले की दहा मिनिटांत साय धरतात, एका वेळी चमचाभरच काढा. मेणाचे खडू खिडकीत राहिले तर दुपारी वितळून एकमेकांना चिकटतात. पेटी शिबिर संपल्यावर कपाटात.

दोन तास घरातल्या आजी-आजोबांना द्या. अहिराणी, लेवा, तावडी, पावरी, जी बोली घरात आहे तिच्यातली कोडी, म्हणी, आखाजीची गाणी. बहिणाबाई चौधरींचं जन्मगाव असोदे जळगावला लागूनच आहे, त्यांची बोली कानांवर पडलेली माणसं अजून आसपास आहेत. आजींना व्यासपीठावर बोलावलं की त्या गप्प होतात. त्यांना खाली सतरंजीवर बसवा, भोवती आठ-दहाच मुलं, आणि लिहून घ्यायचं काम मुलांकडे. नवा शब्द वस्तूसह विचारायला सांगा. माईक नको.

पोहणं शिबिरात घ्यायचं तर जीवरक्षक असलेल्या तलावावर, त्यांच्याच प्रशिक्षकाकडून. विहीर, तापी-गिरणेचे डोह, खदानी यांत शिबिराच्या नावाखाली कुणालाही उतरवू नका, गावातले कितीही जण तिथंच पोहायला शिकलेले असले तरी.

सहल एकच पुरे, तीही सकाळची. जळगावकरांना मेहरूण तलावावर सहाला पक्षी बघून आठला परत येता येतं. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ संग्रहालय बंदिस्त असल्यानं उन्हाचा त्रास नाही, पण आधी कळवून जा. धुळ्यात मोठ्या गटाला राजवाडे संशोधन मंडळ दाखवा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले, त्यांनी जमवलेली कागदपत्रं म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. चाळीसगावच्या मुलांना पाटणादेवी जवळ आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याचा 1207 सालचा शिलालेख तिथलाच. लळिंगचा किल्ला धुळ्याहून सोपा वाटतो, पण वर सावली नाही. दहा वर्षांखालच्यांना मेमध्ये नेऊ नका.

शून्य सावली

हा कार्यक्रम शिबिर संपल्यावर वेगळा ठेवा, अख्ख्या वस्तीसाठी. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं आपल्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर येतो. दुसरी वेळ जुलैच्या मध्यानंतर, तेव्हा ढग असतात. पहिली जळगावला 25 मेच्या सुमारास, दुपारी 12.25 च्या आसपास. धुळ्याला 24-25 मे, 12.28 च्या आसपास. नंदुरबारला 27 मेच्या सुमारास, साडेबाराच्या आसपास. एखादा दिवस मागेपुढे झाला तरी सावली बोटाच्या पेराहून लहान असते.

फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकं सरळ कापलेली, सपाट फरशीवर उभा करा. गवंड्याच्या ओळंब्यानं सरळ झालाय का बघा. पाइप किंचित कलला तरी सावली जात नाही आणि सगळे म्हणतात तारीख चुकली. 12.10 पासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपा. वेळ झाली की बाहेरची सावली नाहीशी होते आणि पाइपच्या आत तळापर्यंत ऊन उतरतं. मुलांना मांडवाखाली उभं करा, दहा-दहाच्या गटानं दोन मिनिटं बाहेर आणा, टोपी घालून. वर सूर्याकडे कुणीही बघायचं नाही. पाऊण वाजायच्या आत सगळे घरी.

मोठ्यांसाठी कुरडयांचा वर्ग

नव्या सुनांना आणि नोकरी करणाऱ्या मुलींना हा वर्ग हवा असतो, कारण घरी शिकवायला कुणी उरलेलं नाही. दहा जणींसाठी दोन किलो गहू. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. इथल्या उन्हाळ्यात बदललं नाही तर वास मारतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर खाली बसू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी हलकेच काढून टाकायचं. जेवढा घट्ट चीक, तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं आणि चीक धार धरून ओतत ढवळत राहायचं. घाईनं ओतला की गुठळ्या होतात. शिजल्यावर चीक पारदर्शक आणि चकचकीत दिसतो. पांढरट असताना उतरवला तर कुरडई वाळताना तुटते आणि तळताना फुलत नाही. गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. साडेसातच्या आत सगळं गच्चीवर पसरलेलं असावं, कारण नंतर वारा सुटतो आणि धूळ बसते. वर पातळ ओढणी ताणून बांधा. संध्याकाळी वळवाचं आभाळ आलं तर उचलायला कोण येणार ते आधीच ठरवा.

ऊन लागलं तर

मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं, पायात गोळे आले तर ताबडतोब सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर ओलं फडकं ठेवून वारा घाला, ओआरएस घोटघोट पाजा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल बरळायला लागलं, शुद्ध हरपली, अंग तापून आग झालं, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत आणि वारा घालत राहा, तोंडात काहीही घालू नका. खिशातल्या कांद्यावर अशा वेळी विसंबू नका. सगळ्यात जवळचं चोवीस तास उघडं असलेलं रुग्णालय कोणतं आणि तिथं कोणाच्या गाडीनं न्यायचं, हे दारावर कागद लावून लिहून ठेवा.

समारोप

संध्याकाळी साडेसहाला, मैदानावर, दीड तास. मुलांच्या वस्तू मांडलेल्या, दोन खेळ, दोन गाणी, प्रमाणपत्रं. पाहुणे एकच आणि त्यांचं भाषण दहा मिनिटांचं. पाहुणे वाढले की मुलं ताटकळतात आणि आठ वाजले की पालक उठतात. ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्यातून आधी परवानगी घ्या. जमाखर्चाचा कागद त्याच दिवशी फलकावर लावा, वस्तू देणाऱ्यांच्या नावांसह. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास सफाईला ठेवा. खोल्या झाडून, संडास धुऊन, फळे पुसून, कुलर परत करून मगच किल्ली द्यायची आणि किल्ली मिळाल्याची सही घ्यायची.